‘पोरगं चांगलं हाय, पण…’

वाळवा तालुक्यात सोयरीक पक्की करायच्या आधी मुलीकडचा एखादा मामा नाहीतर चुलता मुलाच्या गावाला गुपचूप जाऊन येतो. पाहुण्यांच्या दारात तो जात नाही. स्टँडवर उतरतो, चहा घेतो, डोक्यावर केस वाढलेले नसले तरी कटिंगच्या दुकानात जाऊन बसतो. पाऊसपाणी, उसाचा दर, कारखान्याची निवडणूक असं करत करत विषय निघतो. ‘‘अमक्याचं धाकटं पोरगं कसं हाय वो?’’ कात्री क्षणभर थांबते. ‘‘पोरगं चांगलं हाय.’’ आणि मग, मानेवर पाण्याचा फवारा मारता मारता, ‘‘पण…’’

त्या ‘पण’च्या पुढं बहुधा काही येत नाही. मामा समजायचं ते समजतो आणि नेमकं काय ते कळावं म्हणून आणखी दोन दारं फिरतो. दुकानदार तोलून बोलतो याला कारण आहे. उद्या त्याच पोराची दाढी त्यालाच करायची असते. शिवाय विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतोय हे त्याला पुरतं ठाऊक असतं. तेच वाक्य तो चौकात उभा राहून कधी म्हणणार नाही.

इस्लामपूरच्या कोर्टात माझी पस्तीस वर्षं गेली. (२०२५ साली गावाचं नाव ईश्वरपूर करायचं ठरलं, जुन्या कागदांवर आणि माझ्या जिभेवर अजून इस्लामपूरच आहे.) अब्रूनुकसानीची प्रकरणं पूर्वी माझ्याकडे क्वचित यायची. बांध, वाटणी आणि न वटलेले चेक यांतच तालुक्याची वकिली संपते. अलीकडे मात्र पक्षकार पिशवीतून कागद काढायच्या आधी खिशातून मोबाईल काढतो. पडद्यावर कुणीतरी कुणाविषयी काहीतरी लिहिलेलं असतं. एक तारा. एक फोटो. खाली ‘यांच्यापासून सावध राहा’. माणसांनी माणसांना जाहीर गुण देण्याची ही जी सोय झाली आहे, तिच्यातल्या कायद्याबद्दल आणि नीतीबद्दल पुढच्या पानांत वेगवेगळ्या जणांनी लिहिलं आहे. प्रस्तावनेत प्रत्येक लेखाचा गोषवारा द्यायची रीत मी पाळणार नाही. लेख समोरच आहेत. मला या विषयाची मुळं कुठं आहेत तेवढं दाखवायचं आहे, आणि ती मला त्या कटिंगच्या दुकानात दिसतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामीचं कलम होतं ४९९. त्याला दहा अपवाद होते. दहावा अपवाद असा, की एखाद्याच्या भल्यासाठी सद्‌हेतूने त्याला दुसऱ्या माणसाविषयी सावध केलं तर तो गुन्हा नाही. मुलीच्या मामाला दिलेलं उत्तर इथं चपखल बसतं. नवव्या अपवादाखालचं एक उदाहरण तर थेट आमच्या पेठेतलं वाटावं. एक दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीचा मला भरवसा नाही. स्वतःचं नुकसान टाळायला सद्‌हेतूने सांगितलं असेल तर दुकानदार सुटला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ३५६ झाला, शिक्षेत सामाजिक सेवेचा एक पर्याय वाढला. अपवाद मात्र तसेच राहिले. ते वाचताना ध्यानात येतं की कायद्यानं माणसाविषयी बोलायला कधी बंदी केलेली नाही. बोलणाऱ्याला तोंड असावं, ऐकणाऱ्याला गरज असावी, एवढंच तो पाहत आला. तारा देणाऱ्याला तोंड नसतं, आणि तो पाहणाऱ्यांत निम्मे तरी नुसते करमणूक म्हणून पाहतात. तिढा इथं आहे.

‘‘वकीलसाहेब, मी लिहिलंय ते खरं हाय की!’’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात खरेपणा सिद्ध झाला तर बचाव पुरा होतो. फौजदारीत होत नाही. तिथं पहिला अपवाद म्हणतो, गोष्ट खरी हवी आणि ती जाहीर करण्यात लोकांचं हितही हवं. शेजाऱ्याचा घटस्फोट खरा असेल. तो गावाला सांगण्यात गावाचं हित काय, हे सांगणाऱ्यानं दाखवायचं. हे समजावून दिलं की पक्षकाराचा चेहरा असा पडतो, जणू मीच विरोधी पक्षाला मिळालो आहे.

मोठ्या शहरात लोक हॉटेलाला तारे देतात ते हॉटेलाला जातात. आमच्यासारख्या गावात दवाखाना म्हणजे डॉक्टर, क्लास म्हणजे सर आणि गॅरेज म्हणजे मिस्त्री. ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानक काढलं. ते वस्तू आणि सेवांपुरतं आहे. सेवा कुठं संपते आणि माणूस कुठं सुरू होतो ही रेघ नकाशावर मारता येते, गल्लीत येत नाही. डॉक्टर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ग्राहक कायद्याखाली आहेत. आम्हा वकिलांना त्याच न्यायालयानं १४ मे २०२४ रोजी त्या कायद्याबाहेर ठेवलं. बाररूममध्ये त्या दिवशी पेढे वाटले गेले नाहीत, पण चहाला गोडी होती हे कबूल करतो. तारे देणाऱ्यांना अर्थात या भेदाशी कर्तव्य नसतं.

डॉक्टरची अडचण मात्र खरीच अवघड आहे. एखाद्या बाईच्या नवऱ्यानं लिहिलं, ‘चुकीचं ऑपरेशन केलं, पैसे उकळले.’ डॉक्टरकडे उत्तर असतं. ते द्यायचं तर बाईला काय झालं होतं, कधीपासून होतं, नवऱ्यापासून काय लपवलं होतं हे सगळं उघडं करावं लागेल. रुग्णाचं गुपित राखणं हे त्याच्या पेशाचं बंधन. म्हणून तो गप्प बसतो, आणि वाचणारे म्हणतात, ‘बघा, उत्तर नाही.’ दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्याचं खरोखर नुकसान झालं त्याला ग्राहक आयोगासाठी सांगली गाठायची, तारखा झेलायच्या, दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळवायचं. आणि एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायला सहसा तयार नसतो. अशा माणसाला तो एक तारा हेच कोर्ट वाटतं. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

जर्मनीत हा वाद एका शिक्षिकेनं सर्वोच्च पातळीपर्यंत नेला. शाळकरी मुलं नाव न सांगता शिक्षकांना गुण देत अशी एक जागा होती, तिचं नाव श्पिकमिश. या बाईंना ४.३ गुण मिळाले. आपल्याकडे ४.३ म्हटल्यावर कुणीही दुकानाबाहेर पाटी लावेल. जर्मन शाळेत १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट. २३ जून २००९ रोजी तिथल्या संघीय न्यायालयानं बाईंच्या विरुद्ध निकाल दिला. गुण त्यांच्या शिकवण्याच्या कामाला होते, खासगी आयुष्याला नव्हते, आणि मत मांडताना नाव न सांगण्याची मुभा असायला हवी, असा त्याचा रोख. पुढं २०१५ मध्ये कॅनडातून ‘पीपल’ नावाच्या ॲपची घोषणा झाली. त्यात ओळखीच्या कुणालाही, त्याची परवानगी असो नसो, पाचापैकी तारे देता येणार होते. इतका गदारोळ झाला की पुढच्या वर्षी ते आलं तेव्हा दात काढलेल्या सापासारखं होतं. ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्या संमतीशिवाय काही दिसणार नाही असं ठरलं. मग ते कुणी फारसं वापरलंही नाही.

या सगळ्याहून मला बोलकं वाटतं ते इथून तासाभरावरच्या कोल्हापूरचं प्रकरण. १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले आणि वर्षाच्या आतच त्यांनी कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर लेखणी धरली. अल्पवयात गादीवर आलेल्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यांना वेडं ठरवलं जात आहे, त्यामागे बर्वे आहेत, असा आरोप. बर्व्यांची म्हणून काही पत्रंही छापून आली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. संपादक टिळक आणि आगरकर दोघांचं वय जेमतेम पंचवीस. जामीन हवा होता दहा हजारांचा. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे यांनी तो दिला. पुढं कोर्टात कळलं की ती पत्रं बनावट होती. दोघांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं.

हे प्रकरण शाळेत आपल्याला शौर्याची गोष्ट म्हणून शिकवतात. मला ते वकिलाच्या नजरेनं वाचताना बर्वेही दिसतात. कुणीतरी त्यांच्या नावाची खोटी पत्रं बनवली, आणि ती खरी धरून त्यांच्याविषयी गावोगाव मत तयार झालं. त्याच वेळी महाराजांबद्दलची भीती अनाठायी नव्हती हेही खरं. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. म्हणजे पुरावा खोटा आणि काळजी खरी, असं दोन्ही एकाच खटल्यात होतं. आजच्या बहुतेक भांडणांत हेच आढळतं. फरक एकच. संपादकांचं नाव अंकावर छापलेलं होतं, त्यामुळे बर्व्यांना कुणावर फिर्याद करायची ते ठाऊक होतं, आणि चूक कळली तेव्हा माफी मागायला कुणीतरी समोर उभं होतं.

आज ज्याच्याविषयी लिहिलं जातं तो आधी पोलीस ठाण्यात जातो. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा. ठाणे अंमलदार एनसी लिहून घेतो आणि ‘कोर्टात जा’ म्हणतो. मग न्यायदंडाधिकाऱ्यापुढं खासगी फिर्याद, नाहीतर दिवाणी दावा. दाव्याला मुदत एकच वर्ष. आरोपी कोण हेच माहीत नसेल तर तेही वर्ष हातातून जातं. मजकूर ज्या कंपनीच्या जागेत आहे तिला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं कवच आहे. कोर्टाचा किंवा शासनाचा आदेश हाती आल्यावरच तिला मजकुराची खबर लागली असं धरायचं, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात लावला. तक्रार अधिकारी नेमायचं बंधन २०२१ च्या नियमांत आहे, पण ‘हे खोटं आहे’ एवढं म्हटल्यानं मजकूर निघत नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला धरावं म्हटलं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, सांगून ठेवलं आहे की सभासदानं टाकलेल्या मजकुराचा गुन्हा नुसत्या ॲडमिनपणामुळे त्याच्या डोक्यावर येत नाही.

हे ऐकून पक्षकार म्हणतो, कायदा कडक करा. तेव्हा मी त्याला पालघरची आठवण करून देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा त्यात वापर झाला ते श्रेया सिंघल निकालानंच रद्द केलं. कडक कायद्याची काठी आधी कुणाच्या पाठीवर पडते हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०१६ रोजी फौजदारी बदनामीचं कलम मात्र कायम ठेवलं. अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं त्याचं म्हणणं. मला तो निकाल अर्धाच पटतो. भरपाई द्यायला लावा, तुरुंग कशाला?

आता आमच्या शिवारातलं उदाहरण. हे पुस्तक जुळवताना एक ऊस वाहतूकदार भेटायला आले. पावसाळ्यात त्यांनी एका मुकादमाशी नोटरी करार केला, दहा कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या दहा जोड्या, आणायचे म्हणून लाखांच्या घरात उचल दिली. दिवाळी आली, कारखान्याचं धुराडं पेटलं, टोळी आली नाही. मुकादमाचा फोन बंद. ट्रॅक्टरचा हप्ता चालू. सांगली-कोल्हापूरच्या पोलीस ठाण्यांत अशा तक्रारी दर हंगामात येतात. या गृहस्थांनी काय केलं, तर मुकादमाचा फोटो, गावाचं नाव आणि आधार कार्डाची प्रत वाहतूकदारांच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘हा चोर आहे.’ ग्रुपवरून ती दुसऱ्या ग्रुपवर गेली, तिथून कर्नाटकात.

मला त्यांची चीड समजते. दुसऱ्या वाहतूकदाराला सावध करणं नवव्या-दहाव्या अपवादात बसेलही. ‘उचल घेऊन आला नाही’ ही घटना आहे, कागदानं दाखवता येते. ‘चोर’ हा निकाल आहे, आणि तो द्यायला कोर्ट बसलेलं आहे. आधार क्रमांक जाहीर करायला तर आधार कायदाच मनाई करतो. आणखी एक गोष्ट मला खटकत राहिली. मुकादमाला पुढं मजुरांनी फसवलं असेल, कुणाच्या घरी मयत झालं असेल, की तो खरोखर पैसे घेऊन पळाला असेल, हे त्या फोटोत काहीच नाही. उद्या त्यानं पैसे फेडले तरी तो फोटो गल्लोगल्ली फिरतच राहणार. आणि ऊसतोड कामगारांनी मुकादमाला, वाहतूकदाराला किंवा कारखान्याला तारे द्यावेत अशी जागा मी तरी अजून पाहिलेली नाही. गुण देण्याचा हक्कही ज्याच्याकडे फोन चार्ज करायला वीज आणि वेळ आहे त्याच्याकडेच जातो.

माणसाचं मूल्यमापन सगळ्यांनी मिळून केलं की त्याचा शेवट कुठं होतो हे सातारा-सांगलीला नवं नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या कहाण्या साताऱ्यात मुख्य ठाणं असलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाळीत टाकताना पंचायत बसते, पंचांची नावं असतात, म्हणून गुन्हा दाखल होतो. ग्रुपवर पंच नसतात. प्रत्येकानं फक्त पुढं पाठवलेलं असतं.

उलट, नाव झाकण्याची गरज असलेली माणसंही आहेत, हे या पुस्तकातल्या बायकांनी लिहिलेल्या दोन लेखांत ठळकपणे येतं. अमेरिकेत ‘टी’ नावाचं ॲप निघालं ते बायकांनी भेटलेल्या पुरुषांविषयी एकमेकींना सावध करावं म्हणून. जुलै २०२५ मध्ये त्याची साठवण फुटली. सुमारे बहात्तर हजार चित्रं बाहेर आली, त्यांत तेरा हजारांच्या आसपास त्या बायकांनीच ओळख पटवायला दिलेले चेहरे आणि ओळखपत्रं होती. ज्यांना आडोसा देऊ म्हटलं त्याच उघड्यावर आल्या. आपल्याकडे पत्रकार प्रिया रमानींनी लैंगिक छळाविषयी स्वतःच्या नावानं लिहिलं, तेव्हा मंत्रिपदावर असलेल्या गृहस्थांनी बदनामीची फिर्याद केली, आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं रमानींना निर्दोष सोडलं. अनेक दशकांनंतरही बाईला तक्रार सांगता येते, असं त्या निकालानं म्हटलं. दिल्लीत ज्येष्ठ वकील मिळतात. तालुक्याच्या गावातल्या नोकरदार मुलीनं आपल्या साहेबाविषयी नावानिशी लिहावं असा सल्ला मी तिला देऊ शकेन का? नाही देऊ शकत. मघाशी मी तोंडाची इतकी महती गायली, तिथं माझी वकिली अडते.

इस्लामपूरकरांना या विषयाचा धडा मार्च २०२० मध्ये मिळाला. २३ मार्चला सौदीहून परतलेल्या चौघांना करोना झाल्याचं कळलं. आठवड्याभरात आकडा पंचविसाच्या आसपास गेला, बहुतेक एकाच कुटुंबातले आणि नात्यातले, त्यांत एक लहान मूलही. गाव बंद झालं. त्या दिवसांत कुणाच्या फोनवर काय काय आलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मीही दोन निरोप पुढं पाठवले होते, ते आठवून आज शरम वाटते. ८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सूचना काढली की बाधितांची नावं, ओळख, ठिकाण समाजमाध्यमांवर पसरवू नका. तोवर जे व्हायचं ते झालं होतं. बहुतेक जण मिरजेहून बरे होऊन घरी आले. आणि गंमत अशी, की त्यांना नावं ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांवर मग बाहेरच्यांनी शिक्का मारला. सांगलीचा एक जुना पक्षकार मला फोनवर म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही इस्लामपूरचं. कागद पोस्टानं पाठवा, तुम्ही येऊ नका.’’ तो भला माणूस होता.

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेले त्याचे नियम यांवर शेवटचा लेख आहे. माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. घरगुती कारणासाठी माणसानं वापरलेली माहिती त्यातून वगळली आहे. दोनशे जणांचा ग्रुप घरगुती म्हणायचा का, यावर लेखिकेनं चांगली चर्चा केली आहे आणि माझं तिच्याशी पटत नाही.

पुस्तकाची मुद्रितं आली तेव्हा ते वाहतूकदार पुन्हा आले. आपला मजकूर वाचला. मुकादमाचा फोटो कुठं दिसत नाही म्हणून नाराज झाले. ‘‘निदान नाव तरी टाका की, गावाचं तरी.’’ मी म्हटलं, नाही टाकता येणार. थोडा वेळ पानं चाळत बसले. मग उठता उठता म्हणाले, ‘‘मग माझंबी नाव कुठं घेऊ नका. उगं नको.’’